घर असावे, पण ते पायातील बेडी होऊ नये

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या समाजात रुजली, त्या समाजाला घराचे मोल निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. स्वतःच्या मालकीचे घर ही आपल्याकडे केवळ मालमत्ता नसते; ती कर्तेपणाची खूण असते. मुलीसाठी स्थळ पाहताना ‘मुलाचे स्वतःचे घर आहे का?’ हा प्रश्न कित्येकदा पगाराच्या आधी विचारला जातो. राज्यकर्त्यांनीही ही आकांक्षा नेमकी ओळखली आहे. २०१५ साली सुरू झालेली पंतप्रधान आवास योजना, म्हाडाच्या सोडती, जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजावर मिळणारी दोन लाख रुपयांपर्यंतची वजावट, या साऱ्यांमागचे सूत्र एकच आहे : प्रत्येक कुटुंबाला स्वतःचे घर.

हे सूत्र मंगल आहे, यात वाद नाही. परंतु त्याच्या जोडीने एक प्रश्न विचारला जायला हवा आणि तो आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. घर मिळालेल्या माणसाला काम कोठे मिळणार? आणि उद्या ते काम दुसऱ्या गावी निघाले, तर तो घर सोडून तेथे जाऊ शकणार आहे काय?

ऑस्वाल्ड यांचे अनुमान

ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू ऑस्वाल्ड यांनी १९९६ मध्ये याच प्रश्नाला हात घातला. औद्योगिक देशांतील बेकारी १९६० नंतर का वाढत गेली, याची चर्चा तेव्हा बेकारभत्ता, कामगार संघटना आणि करांचे ओझे एवढ्यापुरतीच घुटमळत होती. ऑस्वाल्ड यांनी निराळीच आकडेवारी पुढे ठेवली. ज्या देशांत व प्रांतांत स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे प्रमाण अधिक, तेथे बेकारीही अधिक, असे त्यांना आढळले. घरमालकीचे प्रमाण शेकडा दहाने वाढले, तर बेकारीचा दर सुमारे दोनने वाढतो, असे त्यांचे अनुमान होते. उदाहरणे बोलकी होती. स्पेनमध्ये घरमालकी मोठी आणि बेकारीही मोठी. स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहणारे आणि बेकारी नाममात्र.

२०१३ मध्ये ऑस्वाल्ड यांनी डेव्हिड ब्लँचफ्लॉवर यांच्यासह अमेरिकेतील राज्यांची अनेक दशकांची आकडेवारी तपासली. तेथेही घरमालकीत मोठी वाढ झाल्यानंतर काही वर्षांनी बेकारी वाढल्याचे त्यांना दिसले. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. घरमालक स्वतःच अधिक बेकार होतात, असा त्यांचा दावा नव्हता. घरमालकी वाढलेल्या प्रदेशाची एकूण रोजगारव्यवस्थाच आखडते, असे ते सांगत होते. त्याची तीन कारणे त्यांनी दिली. माणसे कामाच्या शोधात परगावी जाईनाशी होतात. जी कामाला जातात, त्यांचा प्रवास लांबत जातो. आणि आपल्या वस्तीजवळ कारखाना वा व्यवसाय नको, असे म्हणणाऱ्या घरमालकांचे वजन वाढल्याने नवे उद्योग उभे राहणे अवघड होते.

स्पेनने दिलेला धडा

स्पेनचा इतिहास आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा आहे. तेथे १९४६ च्या भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरार मालकाच्या इच्छेविरुद्धही आपोआप पुढे चालू राहील, अशी तरतूद केली. हेतू गरिबाच्या रक्षणाचा होता. परिणाम असा झाला, की भाड्याने देण्यासाठी घर बांधणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला. पुढे १९५७ मध्ये फ्रँको यांच्या राजवटीने स्वतंत्र गृहनिर्माण मंत्रालय काढले. देश श्रमजीवींचा नव्हे, तर मालकांचा व्हावा, हे त्या खात्याचे पहिले मंत्री आरेसे यांचे उघड धोरण होते. मालकाला गमावण्यासारखे काही असते, म्हणून तो क्रांतीच्या नादी लागत नाही, हा त्यामागचा हिशेब. १९५० मध्ये जवळपास निम्मा स्पेन भाड्याच्या घरात राहत होता. नव्या शतकाच्या आरंभी शेकडा ऐंशी कुटुंबे मालक झालेली होती.

नंतर स्वस्त कर्जाची लाट आली आणि बांधकाम हाच देशाचा मोठा उद्योग बनला. २००८ मध्ये तो फुगा फुटला. २००७ मध्ये आठ टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी २०१३ मध्ये २६ टक्क्यांवर गेली. तरुणांमध्ये तर ती ५० टक्क्यांच्याही वर होती. या आपत्तीला बांधकामावरील अतिरेकी भिस्त, बँकांचा बेजबाबदारपणा, कामगार कायद्यांतील विषमता अशी अनेक कारणे होती. सारा दोष घरमालकीवर टाकणे अन्यायाचे ठरेल. परंतु काम गेल्यानंतर माणूस हलू का शकला नाही, याचे उत्तर मात्र घराशी येऊन थांबते. घराची किंमत कर्जापेक्षा खाली आली होती. घर बँकेच्या ताब्यात दिले, तरी उरलेले कर्ज तेथील कायद्याने माणसाच्या मानगुटीवरून उतरत नव्हते. आणि दुसऱ्या शहरात जाऊन राहावे, तर माफक भाड्याची घरे मुळातच कमी.

दुसरी बाजू

ऑस्वाल्ड यांचे अनुमान सर्वांनी मान्य केले, असे मात्र नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की घरमालक परगावी जाण्यास नाखूश असतात हे खरे. पण हप्त्यांची जबाबदारी असल्याने ते आपल्याच परिसरात लवकर काम शोधतात. जर्मनीत २००५ मध्ये बेकारी अकरा टक्क्यांच्या वर होती आणि पुढील दीड दशकात ती निम्म्याहून खाली आली. या काळात तेथील घरमालकीचे प्रमाण फारसे बदलले नव्हते.

सर्वांत मोठा अपवाद सिंगापूरचा. तेथे दर दहा कुटुंबांपैकी सुमारे नऊ कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात आणि बेकारी दोन-तीन टक्क्यांच्या घरात असते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने वसाहती उभारताना त्यांच्याजवळ उद्योगांना जागा राखली आणि पुढे साऱ्या वसाहती रेल्वेने जोडल्या. बेट लहान, त्यामुळे नोकरी बदलली तरी घर बदलावे लागत नाही.

या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या, की तथ्य स्पष्ट होते. घर माणसाला बांधून ठेवत नाही. घरावरचे न पेलणारे कर्ज, काम आणि घर यांतील अंतर आणि भाड्याच्या घरांचा दुष्काळ, या तीन गोष्टी त्याला बांधून ठेवतात. घरमालकी वाढताना या तिन्ही वाढल्या, तर ऑस्वाल्ड खरे ठरतात. तिन्ही आटोक्यात राहिल्या, तर खोटे ठरतात.

कोकणचा चाकरमानी

हे समजून घेण्यासाठी मराठी माणसाला सिंगापूरला जाण्याचेही कारण नाही. भारतात स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार ८६.६ टक्के आहे. बिहारसारख्या राज्यात तर जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचे स्वतःचे घर आहे आणि तरीही देशात कामासाठी सर्वाधिक बाहेर पडणाऱ्या लोकांत बिहारी माणूस अग्रभागी आहे. गावातले घर त्याला अडवत नाही. का? कारण ते घर एकट्याचे नसते, कुटुंबाचे असते. त्यावर बँकेचा हप्ता नसतो. एक भाऊ घर-शेती सांभाळतो आणि दुसरा मुलूखभर फिरतो.

आपल्या कोकणाने हेच शंभर-दीडशे वर्षे केले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कौलारू घर, त्यामागची परसबाग आणि देवघर वडीलधाऱ्यांच्या हाती राहिले आणि तरुण मुंबईच्या गिरणीत दाखल झाला. मुंबईत उतरताच त्याला ना गृहकर्ज काढावे लागले, ना अनामत रकमेसाठी सावकार गाठावा लागला. गावमंडळाने परळ-लालबागच्या चाळीत भाड्याने घेतलेली खोली त्याची वाट पाहत असे. तेथे वळकटी ठेवायला जागा मिळे. पाळीनुसार माणसे आळीपाळीने झोपत. जेवणाची सोय शेजारच्या खानावळवाल्या बाईकडे असे. या कष्टाळू भगिनींचे संघटन पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने केले. गिरणी सुटली तर दुसरी गिरणी, मुंबई सुटली तर गाव, अशी दोन्ही दारे उघडी होती.

त्या जीवनाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. दहा फुटांच्या खोलीत पंधरा-वीस माणसांचे राहणे हालाचेच होते आणि बायको-मुलांपासूनची ताटातूट त्याहून हालाची. तथापि त्या व्यवस्थेचे शहाणपण नजरेआड करता येत नाही. मूळ धरून ठेवणारे एक बिनकर्जाचे घर आणि कामाजवळ सहज मिळणारा, सहज सोडता येणारा एक भाड्याचा आसरा, या दोहोंच्या जोरावर माणूस स्थिरही राहिला आणि मोकळाही राहिला.

हा भाड्याचा आसरा आपोआप उगवलेला नव्हता. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा विश्वस्त मंडळाने बीआयटी चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या केल्या. परकीय सत्तेलाही एवढे कळले होते, की गिरण्यांना कामगार हवा असेल, तर कामगाराला भाड्याची खोली हवी.

भाड्याची घरे कोठे गेली?

मग ही व्यवस्था मोडली कशी? येथे स्पेनची आठवण होते. स्पेननंतर एकाच वर्षाने, १९४७ मध्ये, मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे योग्यच होते. परंतु तात्पुरती म्हणून आणलेली ही उपाययोजना मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक टिकली. महागाई अनेक पटींनी वाढली, भाडे मात्र जागच्या जागी राहिले. मालकाने दुरुस्ती सोडली, इमारती खचू लागल्या आणि १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी सरकारला स्वतंत्र मंडळ स्थापण्याचा कायदा करावा लागला. गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाशी विसंगत व अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले, तेव्हा कुठे १९९९ चा नवा कायदा झाला.

दरम्यान पागडी रूढ झाली होती. आणि पागडीचा भाडेकरू हा नावाचाच भाडेकरू. खोली सोडली तर ती कायमची गेली आणि पुन्हा तशी मिळणे अशक्य. म्हणजे तोही मालकाइतकाच जखडला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. तेव्हा कित्येकांच्या हाती खोली तेवढी उरली. ती धरून ठेवावी तर गिरणगावात काम नाही. विकावी तर मुंबईत परतण्याची वाट बंद. ज्यांनी विकली ते डोंबिवली, कल्याण, नालासोपारा, विरार असे सरकत गेले किंवा गावी परतले. ज्यांनी धरून ठेवली, त्यांची मुले मिळेल त्या हंगामी कामावर जगली.

देशभर हेच घडले. १९६१ मध्ये शहरांतील निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहत होती. २०११ मध्ये हे प्रमाण २७.५ टक्क्यांवर आले. आणि त्याच जनगणनेत देशातील शहरांमध्ये सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. घर हवे असलेला तरुण रस्त्यावर आणि घर असलेला मालक कुलूप लावून बसलेला, असा हा विपर्यास आहे.

दूरचे घर, हरवलेले काम

आज नोकरीला लागलेला तरुण पहिल्या दोन-तीन वर्षांतच वीस वर्षांचे कर्ज काढतो. घर परवडते ते बदलापूर, वांगणी वा विरारच्याही पलीकडे. काम मात्र अंधेरी, ठाणे, नवी मुंबईत. दिवसाचे चार-चार तास लोकलमध्ये जातात. या प्रवासाचा पहिला बळी बहुधा घरातील स्त्रीची नोकरी असते. मूल झाले की दोघांपैकी एकाने घरी थांबायचे ठरते आणि ती थांबते. नोकरी गेलीच, तर हप्त्याच्या धास्तीने माणूस मिळेल ते काम पत्करतो. आपल्या शिक्षणाला साजेसे काम पुण्यात वा बंगळुरूत असले, तरी तो मनाची तयारी करू शकत नाही. बेकारीच्या आकड्यांत ही माणसे दिसत नाहीत. पण त्यांच्या अंगची कसबे देशाच्या उपयोगी पडत नाहीत, हेही नुकसानच.

अंतराचे मोल किती असते, हे अहमदाबादच्या एका उदाहरणाने दाखवून दिले आहे. १९८७ मध्ये तेथील विडी कामगार स्त्रियांसाठी सोडत काढून शहराच्या कडेला, बारा किलोमीटर दूर, घरे देण्यात आली. चौदा वर्षांनी बार्नहार्ट, फील्ड व पांडे या तीन संशोधक भगिनींनी पाहणी केली. घर लागलेल्या कुटुंबांपैकी सुमारे एक-तृतीयांश तेथे राहायला गेलीच नव्हती आणि जवळपास तेवढीच जाऊन परत आली होती. घर लागलेल्या कुटुंबांची मिळकत न लागलेल्यांपेक्षा सुधारली नव्हती. उलट अडीअडचणीला धावून येणारे शेजारी आणि नातलग मात्र दुरावले होते. याउलट म्हाडाच्या मुंबईतील सोडतींत घर लागलेल्यांचा तनू कुमार यांनी केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या कुटुंबांत शिक्षण व रोजगार दोन्ही सुधारल्याचे त्यात आढळले. शहरातच असलेले हे घर भाड्याने देऊन आपल्या सोयीच्या ठिकाणी राहण्याची मुभा त्या कुटुंबांना होती, हा फरक विसरता येणार नाही.

हे ध्यानात घेतले, म्हणजे शेलू-वांगणीची घरे नाकारून मुंबईतच घर मागणाऱ्या गिरणी कामगारांच्या वारसांकडे ‘हट्टी’ म्हणून पाहता येणार नाही. गिरण्यांच्या जमिनींचा तिसरा हिस्सा घरांसाठी देण्याचे सूत्र १९९१ च्या नियमावलीत होते. २००१ च्या बदलाने तो हिस्सा केवळ मोकळ्या जागेपुरता आक्रसला आणि त्या जमिनींवर मॉल व मनोरे उभे राहिले. ज्यांच्या घामावर ही मुंबई उभी राहिली, त्यांना घर देताना ‘काम कोठे?’ हा प्रश्न टाळणे म्हणजे उपकाराच्या नावाखाली हद्दपारी होय.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, भाड्याच्या घरांना पुन्हा प्रतिष्ठा आणि कायद्याचे बळ मिळाले पाहिजे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. राज्यांनी तो आपापल्या परिस्थितीनुसार स्वीकारायचा आहे. जुन्या चाळकऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर न हिरावता नव्या करारांसाठी मालकाला घर परत मिळण्याची हमी आणि भाडेकरूला तीन-पाच वर्षांची निश्चिंती, दोन्ही देता येतात. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाची मुले कोणत्या शाळेत रुजणार?

दुसरी गोष्ट, सरकारने केवळ विक्रीची घरे बांधू नयेत. करोनाकाळात शेकडो मैल चालत निघालेला मजूर देशाने पाहिला, तेव्हा २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आली. २०२४ च्या शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांना स्थान आहे. हे स्थान पाहुण्यासारखे राहू नये. बीडीडी चाळींच्या जागी रहिवाशांना मालकीची प्रशस्त घरे मिळत आहेत, हा आनंदाचा विषय आहे. पण उद्या मुंबईत उतरणाऱ्या तरुणासाठी नवी भाड्याची चाळ कोण बांधणार, याचेही उत्तर हवे. प्रत्येक औद्योगिक वसाहतीलगत कामगारांची आणि नोकरदार भगिनींची वसतिगृहे हा उद्योगधोरणाचाच भाग मानला पाहिजे.

तिसरी गोष्ट मुद्रांक शुल्काची. अधिभारासह मुंबईत ते सुमारे सहा टक्के पडते. कामासाठी गाव बदलणाऱ्याने राहते घर विकून दुसरे घेतले, तर हा भुर्दंड त्याने का सोसावा? २०२० मध्ये राज्याने काही महिने हे शुल्क घटवले, तेव्हा घरांचे व्यवहार किती वाढले, हे सर्वांनी पाहिले. नोकरीनिमित्त घर बदलणाऱ्यांपुरती तरी अशी सवलत कायमची देण्यास हरकत नसावी.

सारा भार सरकारवर टाकून समाजाला मात्र मोकळे होता येणार नाही. ज्या गृहनिर्माण संस्था अविवाहित म्हणून नोकरीसाठी आलेल्या तरुणाला दार बंद करतात, त्या आपल्याच आहेत. दुसरे घर घेऊन त्याला वर्षानुवर्षे कुलूप लावणारे मालकही आपलेच. एके काळी निरनिराळ्या समाजांनी गावाकडून येणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, गावमंडळांनी खोल्या राखल्या. त्यांना कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागली नव्हती. विदर्भ-मराठवाड्यातून पुण्या-मुंबईकडे येणाऱ्या मुला-मुलींसाठी असा आधार उभा करणे आजही शक्य आहे आणि सेवाकार्यात रमणाऱ्यांना यापरते निकडीचे काम क्वचितच सापडेल.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनीही एक विचार करावा. पंचविशीतल्या मुलाच्या खांद्यावर वीस वर्षांचे कर्ज ठेवण्याआधी त्याला चार गावचे पाणी पिऊ द्यावे. आपले काम आणि आपले गाव त्याला सापडू द्यावे. तोवर वडिलांचे घर त्याचेच आहे. कुटुंबव्यवस्थेची ही ताकद युरोपातील कित्येक समाजांत क्षीण झाली. आपल्याकडे ती अजून शाबूत आहे. स्वतःचे घर अवश्य व्हावे. पण ते कामाच्या मागोमाग यावे. घराच्या मागे फरफटत काम शोधण्याची वेळ ज्या पिढीवर येते, तिच्या हातात किल्ली असते, पण ती घर मात्र बँकेसाठी सांभाळत असते.